वायंडिंगवाली शमीम आणि देवबागची पलटण

शमीम मुकादम वेढे मोजायला बसली की दुकानात कोणी तोंड उघडायचं नाही, असा नियम आहे. तो गिऱ्हाइकाला लागू आहे, पोस्टमनला लागू आहे आणि तिच्या नवऱ्याला, समदला, सगळ्यांत जास्त लागू आहे, कारण त्याला गप्प बसणं म्हणजे शिक्षा वाटते. मालवणच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत 'खारेपाटण वायंडिंग वर्क्स' अशी पाटी दिसेल. आत वार्निशचा वास, भिंतीला टांगलेली तांब्याच्या तारेची भेंडोळी, आणि मधोमध स्टुलावर ओढणी कमरेला गच्च बांधून बसलेली ही बाई. कोणाचा पंप जळला, गिरणीची मोटार बसली, की माणसं इकडे येतात. जळकी तार काढायची, तिचे वेढे मोजायचे आणि तेवढेच नवे भरायचे, हे तिचं काम. वेढे कमी पडले तर मोटार तापते आणि जास्त झाले तर खाचेत मावत नाहीत. म्हणून ती मोठ्याने मोजते. मध्येच कोणी "काय गो, बरी मा?" असं विचारलं, तर सगळं उलगडून पहिल्यापासून सुरू करते. विचारणाऱ्याचा उद्धार होतो तो वेगळा.

हे मोजणं तिला बापाकडून मिळालं. खारेपाटणच्या बाजारात अब्बांचं वायंडिंगचं दुकान होतं. हात सोन्याचा, पण पंचेचाळिशीतच डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि तार दिसेनाशी झाली. मग शाळेतून आली की शमीम त्यांच्या शेजारी बसायची. अब्बा हाताने वेढे घालायचे आणि ती मोजायची. एक वर्षाने ती वेढे घालू लागली आणि अब्बा बोटांनी चाचपून "हय सैल आसा गो" असं सांगायचे. लग्न होऊन मालवणला आली तेव्हा तिच्या सामानात अब्बांचं हाताने फिरवायचं कॉइल मशीन होतं. सासूने ते बघून डोक्याला हात लावला. समदने मात्र दुसऱ्याच दिवशी त्याला ठेवायला फळी ठोकून दिली. समद रिक्षा चालवतो, आणि विजेच्या बाबतीत त्याचं ज्ञान बटण दाबण्यापुरतं आहे.

सुरुवातीला लोक दुकानात शिरून समदला शोधायचे. "मिस्त्री खंय?" असं विचारायचे. "तुमच्याफुडे," शमीम सांगायची आणि काम चालू ठेवायची. काही जण मोटार उचलून परत न्यायचे. जे ठेवून जायचे ते पुन्हा यायचे. तीस वर्षांत तिच्या हाताखालून किती मोटारी गेल्या याचा हिशेब तिनेही ठेवलेला नाही, पण भरलेली मोटार महिन्याभरात परत आली असं कधी झालेलं नाही. ही गोष्ट ती स्वतः कोणाला सांगत नाही. दुसऱ्याने सांगितली तर मात्र थांबवतही नाही.

आता पलटणीची गोष्ट.

देवबाग म्हणजे एका हाताला कर्लीची खाडी, दुसऱ्या हाताला दर्या आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिथे होडीवाल्यांच्या मंडळाचा एक छोटा बर्फाचा कारखाना आहे. डिसेंबरात पर्यटक भरले की पहाटे पाचपासून झाडून सगळ्या होमस्टेंचे गिझर एकदम सुरू होतात, आणि विजेचा दाब इतका खाली येतो की बर्फाचा कॉम्प्रेसर नुसता घुरघुरतो. होड्या मासळी घेऊन परततात तेही नेमके त्याच वेळी. बर्फ नसेल तर मासळीचं काय होतं ते कोणी सांगायला नको. म्हणून मंडळाने जनरेटर घेतला, आणि तोही लष्कराने मोडीत काढलेला.

तो घ्यायला लावला दाजी तांडेलांनी. दाजी निवृत्त हवालदार. सतरा वर्षं त्यांनी फौजेत असलेच डिझेल जनरेटर चालवले. लिलावात ते हिरवं धूड बघितल्यावर त्यांचा कंठ दाटून आला होता असं बरोबर गेलेले लोक अजून हसत सांगतात. गावात आणल्यावर दाजींनी त्याचं नाव ठेवलं पलटण. मंडळाने त्यांनाच ऑपरेटर नेमलं, आणि नेमलं नसतं तरी ते तिथेच जाऊन बसले असते.

पलटणीबरोबर एक वही आली होती, जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची. फौजेत तिला लॉग बुक म्हणतात. फिल्टर बदलला, ऑइल भरलं, साधा नट आवळला तरी तारीख घालून लिहायचं आणि काम करणाऱ्याने सही करायची. खाडाखोड चालत नाही. चुकलं तर पट्टी धरून एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला आपली सही. चाळीस वर्षांच्या सह्या होत्या तिच्यात. कोणी वाळवंटात पलटणीचा रेडिएटर साफ केलेला, कोणी उणे तापमानात तिची बॅटरी बदललेली. दाजींनी ती वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून शेडमधल्या देवाच्या फोटोखाली ठेवली आणि पुढच्या पानावर आपल्या हाताने लिहायला सुरुवात केली.

ऑगस्टच्या उधाणात शेडमध्ये दर्याचं पाणी शिरलं. इंजिन वाचलं, पण वीज तयार करणारा मागचा भाग, अल्टरनेटर, खाऱ्या पाण्यात बुडाला. मंडळाचा चेअरमन ओंकार तरुण पोरगा, धंदा पर्यटकांना बोटीतून फिरवण्याचा. त्याचं म्हणणं होतं की अल्टरनेटर घाटावर पाठवावा. दाजी म्हणाले, शमीम भरेल. एवढं मोठं काम बाईला कसं जमणार, असं कोणीतरी पुटपुटलं. दाजींनी त्याला विचारलं, तुझ्या घरातल्या पंपाची मोटार तीन वर्षांपूर्वी कोणी भरली? अल्टरनेटर मालवणला गेला.

शमीमने नऊ दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. फिरता भाग, स्थिर भाग, दोन्ही तिने सोलून नव्याने भरले. नवे कार्बन ब्रश बसवले. ब्रश म्हणजे बोटाएवढे कार्बनचे ठोकळे. ते फिरत्या भागावरच्या दोन तांब्याच्या रिंगांना टेकून बसतात, आणि त्यांच्यातून गेलेल्या थोड्याशा करंटवर सगळी वीज तयार होते. सप्टेंबरात पलटण सुरू झाली. व्होल्टेजचा काटा चारशे पंधरावर गेला आणि तिथेच राहिला. त्या दिवशी शमीमने दाजींच्या हातातल्या वहीत सहज डोकावलं. लिहिलं होतं, 'वायंडिंग नवीन. मालवणहून करून आणले.' खाली सही दाजींची. तिला ते टोचलं. मालवणहून काय, तर नारळही आणतात. पण ती बोलली नाही. अब्बांचं नावही कधी कुठल्या मोटारीवर नव्हतं.

ऑक्टोबर, नोव्हेंबर नीट गेले. डिसेंबरच्या मध्यावर पलटण रुसली. पहाटे इंजिन सुरू व्हायचं, दणदणीत फिरायचं, पण व्होल्टेज नाही. काटा तळाशी. पाऊण-एक तास असं चालायचं आणि मग अचानक काटा उसळी मारून जागेवर यायचा. तोवर मासळी बर्फाविना. ओंकारने घाटावरचा एक मेकॅनिक बोलावला. त्याने येऊन व्होल्टेज सांभाळणारा डबा बदलला. मग तो तपासणी करत होता तेवढ्या वेळात इंजिन तापलं, काटा वर आला, आणि साहेब चहा पिऊन घाट चढून गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे परत तेच. मग त्याने फोनवरूनच निकाल दिला की वायंडिंग कच्चं आहे.

मालवणच्या बाजारात बातमी पसरायला वेळ लागत नाही. बाईने भरलेलं तीन महिन्यांत गेलं, असं मच्छी मार्केटमध्ये बोललं जाऊ लागलं. एका गिरणीवाल्याने ठेवलेली मोटार "जरा घाई आसा" म्हणत उचलून नेली. शमीमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या रात्री तिने समदला वाढलेल्या जेवणात मीठ नव्हतं, आणि समदने आयुष्यात पहिल्यांदा ते न बोलता खाल्लं.

गुरुवारी दुपारी ती देवबागला गेली. पलटण सुरू केली, तर चारशे पंधरा. कॉम्प्रेसर जोडला, तरी चारशे दहा. तासभर वाट बघितली, काटा हलेना. मेगर नावाचं मीटर लावून वायंडिंगचं इन्सुलेशन बघितलं, ते सप्टेंबरात होतं तसंच. ओंकार हाताची घडी घालून उभा होता.

"दुपारी बरीच चलता," तो म्हणाला. "रडता ती सकाळी."

"ओंकार, वायंडिंग बिघडलां तर ता तापल्यार रडता," शमीम म्हणाली. "ही थंड आसताना रडता आणि तापल्यार हसता. ह्यां वायंडिंग न्हय."

"मगे काय ता?"

"ता बघूक माका पलटण थंड आसताना व्हयी."

"रयवारी सकाळी धा वाजता सभा आसा," ओंकार म्हणाला. त्याच्या आवाजात वैर नव्हतं, नुसता कंटाळा होता. "अल्टरनेटर घाटावर पाठवन परत सोलूचो, की पलटणच मोडीत घालूची, ता ठरतला. त्येच्या आधी काय ता कर."

परत सोलायचा म्हणजे तिने नऊ दिवस मोजून भरलेलं तांबं कोणीतरी छिन्नीने तोडून काढणार. आणि मग सगळ्या मालवणला कळणार की खारेपाटणच्या त्या बाईचं काम कच्चं निघालं. वायंडिंग चांगलं होतं हे तोडल्यावर सिद्ध करता येत नाही. जाताना तिने दाजींकडून वही मागून घेतली आणि डिसेंबरची पानं उभ्या उभ्या वाचली. ऑइल बदललं, बॅटरीत पाणी घातलं, फॅनबेल्ट आवळला. संशय घ्यावा असं काहीच नव्हतं. दाजी मान खाली घालून उभे होते. तिच्यासाठी त्यांनी शब्द टाकला होता, तो खोटा पडत होता.

रविवारी फटफटायच्या आधीच समदने रिक्षा काढली. तारकर्लीच्या रस्त्याला दवाने काच भरून जात होती आणि समद वायपर हाताने फिरवत होता. शमीम मांडीवर मीटरची पेटी घेऊन, शाल डोक्यावरून घेऊन बसली होती. वर्षभर घामाच्या धारा काढणाऱ्या या किनाऱ्याला डिसेंबर-जानेवारीत चार दिवस थंडी येते, आणि ती आली की माणसं कौतुकाने तिला नावं ठेवतात.

"घाबरलंस काय?" समदने विचारलं.

"माझ्या तोंडाक लागा नको."

म्हणजे घाबरली होती.

दाजी शेडच्या दारात कानटोपी घालून तयार होते. समद रिक्षातच शाल ओढून आडवा झाला. शमीमने दाजींना इंजिन सुरू करायला सांगितलं. पलटण धडधडली. आवाज भरदार, वेग बरोबर, फ्रिक्वेन्सी पन्नास. पॅनेलवरचा व्होल्टेजचा काटा तळाशी. तिचा पॅनेलवर विश्वास नाही, म्हणून तिने आपलं मीटर लावलं. वीस व्होल्ट. ती थोडी सुखावली. वीस म्हणजे लोखंडात चुंबकपणा शिल्लक आहे आणि तिची कॉइल तेवढ्यावरही बोलते आहे.

मग तिने घाटावरच्या साहेबांनी बदललेला डबाच बाजूला केला. फौजी मशीनला बॅटरीवरून हाताने करंट द्यायची सोय असते. तिने स्विच फिरवला. काटा हलला नाही. ब्रशांकडे जाणाऱ्या तारांवर मीटर लावलं, तर चोवीस व्होल्ट पुरे. त्याच तारेला क्लॅम्प लावून करंट बघितला, तर शून्य. नळ उघडा, टाकी भरलेली आणि पाणी मात्र येत नाही, असं झालं होतं. वाट कुठेतरी तुटलेली होती.

"बंद करा, दाजीनू."

पलटण थांबली. बाहेर दर्याचा आवाज ऐकू येऊ लागला. शमीमने अल्टरनेटरची मागची पत्र्याची खिडकी उघडली, टॉर्च तोंडात धरला आणि मीटरची दोन्ही टोकं थेट तांब्याच्या रिंगांवर टेकवली. साडेतीन ओहम. सप्टेंबरात तिने आपल्या डायरीत लिहून ठेवलेला आकडा हाच होता, दशांशासकट. तिची कॉइल शाबूत होती. ती तिथेच उकिडवी बसून राहिली आणि तिने एक लांब श्वास घेतला. तिला अब्बांची आठवण आली, आणि आपला अभिमान वाटला. दोन्ही एकदमच झालं.

आता राहिले ब्रश. तिने दाजींना थोडं पेट्रोल आणायला पाठवलं आणि पहिल्या ब्रशाला बोट लावलं. तो हलेना. स्वतःच्या वजनाने खाली सरकून रिंगेवर टेकायला हवा, तो आपल्या घरात अडकून, रिंगेच्या केसभर वर, तसाच लटकून राहिला होता. वरची स्प्रिंग म्हातारी, तिला त्याला ढकलण्याएवढं बळ नव्हतं. शमीमने पक्कडने तो ओढून काढला. त्याच्या बाजूंना काळपट पांढरा, मेणासारखा थर होता. तिने तो बोटावर घेतला. ग्रीस नव्हतं. नाकाजवळ नेला.

खोबरेल तेल.

तिने मान वळवून फळीकडे बघितलं. देवाच्या फोटोशेजारी, वहीच्या पिशवीला टेकून, एक बाटली उभी होती. गुरुवारी दुपारी तिने ती बघितली होती, तेव्हा तिच्यात पाण्यासारखं तेल होतं आणि ते दिव्यासाठी असेल असं वाटलं होतं. आता बाटली तळापासून गळ्यापर्यंत पांढरीफेक गोठलेली होती.

रिक्षात बसल्यापासून शमीम मनात एक भाषण रचत होती. ज्या कोणी ही भानगड केली असेल त्याच्या सात पिढ्या त्यात येणार होत्या. दाजी पेट्रोलचा डबा घेऊन आत आले.

"दाजीनू, ह्या ब्रशांका तेल कोणी लावल्यान?"

"मीच," दाजी म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. "रोज सांजेक. तुझां काम झाल्यापासून एक दिस चुकवूक नाय. खारो वारो लागान परत तसा होवक नको म्हणान. बिजागऱ्यांक, नटांक, सगळ्याक बोटान लावतंय. ह्ये ब्रश जरा आवळ सरकत, त्येंका दोन थेंब जास्त. घाण्यावरचा तेल आसा हां, दुकानातला न्हय."

आणि ते शाबासकीची वाट बघत उभे राहिले.

शमीमचं भाषण घशातच राहिलं. किनाऱ्यावरचा माणूस लोखंडाला खोबरेल चोळतो, कोयतीला, कुलपाला, सायकलीला. त्याच्या बापानेही चोळलं होतं. इथे कोणालाच ते चूक वाटलं नसतं. नोव्हेंबरपर्यंत ते चुकलंही नव्हतं.

"वयेत कित्याक लिवूक नाय ता?" तिने हळू विचारलं.

"ता काय काम म्हणान लिवचा?" दाजी हसले. "ता आपला मायेचा."

"दाजीनू, बाटली बघा."

दाजींनी बाटली बघितली. मग तिच्या हातातला ब्रश बघितला.

"थंडीत तेल गोठता," ती म्हणाली. "ब्रश वरच्यावर चिकटान ऱ्हवता, रिंगेक लागणाच नाय. इंजिन तापला की तेल वितळता, ब्रश खाली येता, आणि पलटण जागी होता."

दाजी डिझेलच्या रिकाम्या पिंपावर बसले. कानटोपी काढून त्यांनी हातात घेतली. सतरा वर्षं फौजेत त्यांच्या एकाही मशीनवर ऑपरेटरच्या चुकीचा शेरा नव्हता, हे ते दर गणपतीत सांगायचे.  शमीमने कामाला हात घातला. पेट्रोलच्या फडक्याने तिने ब्रशांची घरं पुसली, परत पुसली, रिंगांवरून बारीक पॉलिश पेपर फिरवला. ब्रश सोडून बघितला. तो टक्कन खाली जाऊन टेकला.

तोवर उजाडलं होतं. पहिल्या होड्या लागल्या होत्या आणि बर्फासाठी माणसं शेडकडे येऊ लागली होती. सगळ्यांत पुढे ओंकार.

"सुरू करा," शमीम म्हणाली. दाजींनी उठून बटण दाबलं. इंजिन अजून गार होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता, आणि काटा कोणाची वाट न बघता सरळ चारशे पंधरावर जाऊन उभा राहिला. कॉम्प्रेसर जोडला, तसा काटा जरा वाकला आणि सावरला. दारातल्या लोकांनी एकमेकांकडे बघितलं.

"काय होता काय?" ओंकारने विचारलं.

"ब्रश अडाकले होते. साफ केलंय."

"ब्रश?" ओंकारच्या कपाळाला आठी पडली. "ते तूच बसवलंस मा सप्टेंबरात? म्हणजे चूक तुझ्याच कामात होती."

मागून कोणीतरी हुंकार भरला.  एकच वाक्य पुरे होतं. दाजींनी तेल घातलं, एवढं म्हटलं की तिची तीस वर्षं धुऊन निघत होती. दुसरा कोणी असता तर तिने ते केव्हाच त्याच्या तोंडावर फेकलं असतं. पण सगळं गाव नको म्हणत असताना ज्याने ते मशीन तिच्या हाती दिलं, तोच माणूस पिंपाशेजारी टोपी हातात धरून उभा होता.

"ब्रश मीच बसवलंय, ता खरा," ती म्हणाली. "पण..."

पुढचं तिच्याने बोलवेना, आणि गिळवेनाही.

"थांब गो, शमीम," दाजी म्हणाले. "आधी लिवया. मगे बोलया."

त्यांनी पिशवीतून वही काढली, चष्मा लावला आणि पलटणीच्या बोनेटवर वही ठेवून लिहू लागले. एक अक्षर, मग पुढचं, सावकाश. लिहून झाल्यावर ते सरळ उभे राहिले, टाचा जुळवल्या, आणि फौजेत हुकूम वाचून दाखवतात त्या आवाजात, इंजिनाच्या वर ऐकू जाईल असं, त्यांनी वाचलं.

"रविवार. पहाटे व्होल्टेज नाही. कारण, ऑपरेटरने ब्रशला खोबरेल तेल लावले. तेल थंडीत गोठले. वायंडिंगमध्ये कोणताही दोष नाही. चूक ऑपरेटरची. सही, हवालदार दाजी तांडेल, निवृत्त."

दारात एकाला हसू फुटलं. "खोबरेल? वेणी घातलास काय पलटणीची?" पण दाजींचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं. ओंकारने शमीमकडे बघितलं आणि मान खाली घातली. "माका म्हायत नाय होता गो," तो म्हणाला. "मी सगळ्यांक सांगतंय. सभेतय सांगतंय."

दाजींचं संपलं नव्हतं. त्यांनी पानं मागे उलटली, सप्टेंबरपर्यंत. फळीवरची पट्टी घेतली, ती 'मालवणहून करून आणले' या शब्दांखाली धरली आणि त्यांच्यावर एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. बाजूला आपली सही केली. वरच्या जागेत लिहिलं, 'काम करणार, शमीम समद मुकादम, मालवण.' मग वही तिच्यापुढे फिरवली आणि पेन पुढे केलं.

"हय सही कर. त्याच दिवशी करूक व्हयी होती. तीय चूक माझीच."

शमीमने हात ओढणीला पुसले, तरी बोटांना काळं राहिलंच. त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सह्या होत्या. वाळवंटातला कोणी नायक, बर्फातला कोणी हवालदार, ज्यांनी ज्यांनी या मशीनला हात लावला ते सगळे. सप्टेंबरच्या ओळीत मात्र दाजींची सही होती, काम करणाऱ्याची नव्हती. खारेपाटणच्या बाजारात चाचपत तार ओढणाऱ्या अब्बांचं नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिने पेन घेतलं आणि कॉइल भरताना बसते तशी पाठ ताठ करून, सगळं नाव घालून, सावकाश सही केली.

पलटण धडधडत होती. समद गर्दीतून वाट काढत आत आला होता आणि तिच्या खांद्यावरून वहीत बघत होता. तिची सही पुरी होईपर्यंत शेडमध्ये कोणी बोललं नाही. समदसुद्धा.